एकोणिसाव्या भागाची आरती आता पुरे

‘डीमन स्लेयर’चा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं आहे. “एकोणिसावा भाग बघ, मग बोलू.” अंधेरीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच, घाटकोपरच्या मेट्रोत हेच, कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच. गंमत म्हणजे तो भाग बघून झाल्यावर कोणी काही बोलत नाही. आगीचा इमोजी टाकतात आणि विषय संपतो.

माझं म्हणणं आहे की हा भाग अर्धवट आहे. वाईट नाही, अर्धवट. आणि आपण नेमका त्याचा अर्धवटपणाच डोक्यावर घेऊन नाचतोय.

आधी त्याचं देणं देऊन टाकतो. १० ऑगस्ट २०१९ला जपानी टीव्हीवर आलेला ‘हिनोकामी’ हा भाग युफोटेबल स्टुडिओच्या कारागिरीचा कळस आहे. कोयोहारू गोतोगेच्या मूळ मांगातली रेघ ओबडधोबड आहे. तिथे पानावर जे सुचवून सोडलंय, ते इथे अक्षरशः फिरतं. तान्जिरोच्या तलवारीतून निघणारं पाणी जुन्या जपानी लाकडी छापचित्रांसारखं जाड रेघांचं आहे, ते वळता वळता आग होतं, आणि त्याच वेळी कॅमेरा जंगलातून गरगरत जातो. हाताने काढलेलं काय आणि कॉम्प्युटरवर केलेलं काय, याचा सांधा सापडत नाही. मग एरवी शेवटी नावांच्या पाटीसोबत वाजणाऱ्या गाण्याच्या जागी, ऐन लढाईतच, तान्जिरोच्या नावाचं गाणं सुरू होतं. हे सगळं मान्य. अंगावर काटा येतो, माझ्याही येतो.

पण लढाई जिंकली जाते कशी? तान्जिरोची तलवार तुटलेली, रुईचे धागे तोडता येत नाहीत, मरण समोर. तेवढ्यात त्याला आठवतं की आपले आजारी वडील बर्फात रात्रभर अग्निदेवतेसाठी नाचायचे, आणि तेच नृत्य म्हणजे युद्धकला. आधीच्या अठरा भागांत याची तयारी जवळजवळ नाही. आमच्या धंद्यात याला ऐन रिलीजच्या रात्री मारलेला हॉटफिक्स म्हणतात: चालतो, टाळ्या मिळतात, पण डिझाइनमध्ये तो कुठेच नव्हता. नंतर कथा या नृत्याभोवती बरंच काही बांधते, हे खरं. पण या भागापुरतं बोलायचं तर हा जुगाड आहे, आणि संगीताने तो झाकलाय.

नेझुकोचं तर विचारूच नका. धाग्यांना टांगलेली, बेशुद्ध, तोंडात बांबू. आई स्वप्नात येते आणि सांगते, उठ, दादाला वाचव. ती उठते, रक्ताची आग पेटवते आणि तिचं काम संपतं. आपल्याकडच्या डेली सोपमधल्या बहिणींना याहून जास्त संवाद असतात.

तरी हे किरकोळ आहे. खरा मुद्दा रुईचा.

रुई हा राक्षसांच्या खालच्या सहांतला पाचवा. नातागुमो डोंगरावर त्याने ‘कुटुंब’ मांडलंय. दुसऱ्या राक्षसांना धरून आणायचं, तू आई, तू बाप, तू ताई असं वाटून द्यायचं आणि चुकलं की छळायचं. स्वतः बुडत असताना भावाच्या आड येणारी नेझुको दिसली की त्याला तीही ‘हवी’ होते, जशी दुकानातली वस्तू. तान्जिरो त्याला तोंडावर सांगतो की भीतीने बांधलेलं नातं हे नातंच नाही. एकोणिसाव्या भागातली खरी ठिणगी ही आहे, आणि शेवटच्या आतषबाजीत ती दिसेनाशी होते. मान उडते, गाणं वाजतं, भाग संपतो. रीलही इथेच संपते.

पुढच्या दोन भागांत काय होतं, ते रीलमध्ये नसतं. एक तर ती मान तान्जिरोने उडवलेलीच नाही. पातं पोचायच्या आधी रुईने आपल्याच धाग्याने आपलं डोकं कापून घेतलेलं असतं. म्हणजे ज्या क्षणावर अख्खं इंटरनेट उड्या मारतं, तो विजय खोटा आहे. रुईला मारतो तो गियू, अकराव्या पवित्र्याने, एकही जादा हालचाल न करता. आणि मग कळतं की रुई हा चालताही न येणारा आजारी मुलगा होता. राक्षस होऊन त्याने माणूस खाल्लं, म्हणून बापाने त्याला मारायचं ठरवलं, त्याच्यासोबत स्वतःही मरण्याच्या तयारीने. पोराने दोघांना आधी संपवलं. खोटी कुटुंबं तो त्यानंतर जमवत बसला.

मरताना त्याचा किमोनो जमिनीवर पडतो, आणि गियू त्यावर पाय देतो. तान्जिरो, हाडं खिळखिळी झालेला, म्हणतो: पाय काढा.

मराठी माणसाला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. जेजुरीची कथा आठवा. खंडोबाने मणी आणि मल्ल हे दोन दैत्य मारले, त्याचीच आठवण म्हणून मार्गशीर्षात चंपाषष्ठी. तपशील गावोगाव बदलतात, पण गाभा असा की मणी शरण आला, म्हणून त्याला देवाजवळ जागा मिळाली, त्याचीही पूजा होते. मल्ल शेवटपर्यंत वाकला नाही, म्हणून त्याचं डोकं पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. गियूची बाजू पायरीची आहे, तान्जिरोची मण्याच्या देवळाची. ‘डीमन स्लेयर’ची सगळी ताकद या भांडणात आहे, आणि ते एकोणिसाव्या भागात नाहीच.

याचा परिणाम मी थिएटरात पाहिला. १२ सप्टेंबर २०२५ला ‘इन्फिनिटी कॅसल’ भारतात लागला. जपानीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू डब. मुंबईत, जिथे डबिंगचे निम्मे स्टुडिओ अंधेरीत असतील, मराठी नाही (यावर वेगळा लेख होईल, इथे नको). १५५ मिनिटांच्या या सिनेमाचा गाभा म्हणजे अकाझा नावाच्या राक्षसाचं माणूसपण. लढता लढता त्याला आपण कोण होतो ते आठवतं, आणि शेवटी तो स्वतःच थांबतो. माझ्या रांगेत तेव्हा फोनचे पडदे उजळले. बाहेर पडताना ऐकू आलेली तक्रार एकच: “फ्लॅशबॅक फार आहेत यार, फाइट कमी.”

तलवारबाजी आवडणं गुन्हा नाही. पण ज्यांना भूतकाळ म्हणजे लढाईमधला अडथळा वाटतो, त्यांना ही कथा कशासाठी हवी? तान्जिरोचं वेगळेपण तलवारीत नाही, तलवारी तर शोनेनमध्ये पैशाला पासरी. तो मान कापतो आणि मग खाली बसून त्या विझणाऱ्या हाताला हात लावतो. हा शेवटचा भाग कापून टाकला तर उरतो तो आणखी एक चांगला ॲनिमेट केलेला खाटीक.

एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा, म्हणजे घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंतची मेट्रो. रात्रीच्या परतीत दोन बसतील. तेव्हा पुढच्या वेळी कोणी “एकोणिसावा बघ” म्हटलं, तर त्याला एकविसावा कसा वाटला ते विचारा. आठवत नसेल, तर वाद घालू नका. लिंक पाठवा.