चोरी कशाला म्हणायचे, हे कोण ठरविणार?

या पानावर हा विषय पाहून आपल्यातील काही मित्रांना आश्चर्य वाटेल. क्रेडिट कार्ड, त्यावर मिळणारे खरेदीचे संरक्षण, चोरीचा विमा या गोष्टी सुखवस्तू लोकांच्या. कष्टकऱ्यांच्या कार्यकर्त्यांनी त्यात कशाला डोके घालावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. अशा मित्रांनी एखाद्या सकाळी शहाड स्थानकावर अर्धा तास उभे राहावे. कसारा, आसनगाव, टिटवाळ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये घुसणारा कंत्राटी कामगार, उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्स शिवायला निघालेली बाई, घरोघर सामान पोचविणारा पोरगा, या प्रत्येकाजवळ मोबाईल आहे आणि तो चैनीचा राहिलेला नाही. कामाचा निरोप त्यावर येतो, मजुरी जमा झाल्याचे त्यावर कळते. सामान पोचविणाऱ्याचा तर फोन गेला की त्याच दिवशी रोजगार बंद. पंधरा-वीस हजारांचे हे अवजार रोखीने घेणे बहुतेकांना परवडत नाही. मग ते हप्त्यांवर येते. स्वतःचे कार्ड नसेल तर मेव्हण्याच्या किंवा शेठच्या कार्डावर. बिल करताना दुकानदार हळूच सांगतो, ‘चोरीला गेला तरी काळजी नाही, संरक्षण आहे.’

चोरीची भीती इकडे काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शहाड आणि आंबिवली यांच्या दरम्यान तपोवन एक्स्प्रेसच्या दाराशी असलेल्या एका तरुणाच्या हातावर चोराने फटका मारला. तो तरुण गाडीखाली आला आणि पाय गमावून बसला. रुळांच्या कडेला काठी घेऊन उभे राहायचे आणि दारातल्या प्रवाशाच्या हातावर मारून फोन पाडायचा, ही रीत आपल्या मार्गावर इतकी जुनी झाली आहे की तिला ‘फटका’ असे नावच पडले आहे. रेल्वेकडून भरपाईची आशा नको. प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेली वस्तू चोरीला गेली तर ती रेल्वेच्या सेवेतील त्रुटी ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला आहे. उरतो तो विमा.

या संरक्षणाचा कागद वाचावयास घेतला की पहिला धक्का बसतो. अनेक कार्डांवरील खरेदी-संरक्षण हे ‘आग व घरफोडी’ यांपुरतेच असते, तेही खरेदीनंतर ठरावीक दिवसांपर्यंत आणि संपूर्ण रक्कम त्याच कार्डावरून दिली असेल तर. वस्तू घरात असावी आणि चोराने कुलूप तोडावे, ही त्यामागची कल्पना. ज्याचे घर म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि दिवसाचे चौदा तास ज्याचे घराबाहेर जातात, त्याची वस्तू घरफोडीत जाणार कशी? मेव्हण्याच्या कार्डाचे तर विचारूच नका. संरक्षण असलेच तर ते कार्डधारकाचे, फोन वापरणाऱ्याचे नव्हे. दुकानात वेगळे पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या योजनांपैकी कित्येक केवळ काच फुटणे आणि पाणी शिरणे एवढ्यावरच थांबतात. ज्यांत चोरी आहे, त्यांतही ती बळजबरीने झालेली असावी, असे कलम आढळते. खिशातून अलगद काढलेला फोन त्या हिशेबी चोरीला गेलेलाच नसतो!

कायद्याच्या दृष्टीने संमतीवाचून, लबाडीने वस्तू नेली की चोरी झाली. विमापत्र मात्र आपली स्वतंत्र व्याख्या करते आणि न्यायालयही तीच उचलून धरते. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विमापत्रात बळाचा वापर करून प्रवेश ही अट असेल तर तशा प्रवेशावाचून झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही. त्याच निकालात, सामान्य माणसाला समजेल असा अर्थ या शब्दांना यावा म्हणून कंपन्या आपली विमापत्रे सुधारतील, अशी आशाही न्यायालयाने व्यक्त केली होती. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

येथे आपण स्वतःशीही प्रामाणिक राहिले पाहिजे. ती कंपनी खाजगी नव्हती. १९७२ च्या कायद्याने १०७ विमा कंपन्यांचे एकत्रीकरण करून १ जानेवारी १९७३ पासून ज्या चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी ती एक. राष्ट्रीयीकरणाचे आपण स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण मालकी बदलली तरी कलम तेच राहिले. सर्वसामान्य माणसाच्या भाषेत लिहिलेले विमापत्र सरकारी कंपनीने काढावे, ही मागणी आपण नेटाने कधी केलीच नाही.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकून घेऊ. खोटे दावे येतात, फोन विकून चोरीची तक्रार करणारे महाभाग आहेत, अटी नसतील तर हप्ता वाढेल, असे त्या म्हणतात. हे सर्व खोटे नाही. पण मग विकताना ‘घरफोडीचा विमा’ असे खरे नाव सांगावे. ‘चोरीला गेला तरी काळजी नाही’ या वाक्यावर पैसे घ्यायचे आणि दाव्याच्या वेळी व्याख्येचे कलम काढायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत. कार्डासोबत विमा द्यावयाचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती घेतली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. इंग्रजीतील बारीक अक्षरांखाली बोट टेकवून घेतलेली संमती स्पष्ट कशी म्हणावी?

तरीही माझ्या मते खरी लढाई कंपनीच्या दारात होण्यापूर्वीच हरली जाते. ती हरली जाते पोलीस चौकीत. गाडीत किंवा फलाटावर चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर झाली तर शहर पोलीस, या टोलवाटोलवीत माणसाची पाळी चुकते, खाडा पडतो. शेवटी कोणीतरी सुचवितो, ‘चोरी कशाला लिहिता? गहाळ झाला असे लिहा, दाखला लगेच मिळेल.’ दमलेला माणूस सही करतो. नवे सिमकार्ड घ्यायला तो दाखला चालतो, पण विम्याच्या दृष्टीने त्या एका शब्दाने दावा संपतो. वस्तू हरवणे हे बहुधा कोणत्याच विमापत्रात बसत नाही. शिवाय नोंदीत एक चोरी कमी होते, ती वेगळीच.

वस्तुतः कायदा आपल्या बाजूचा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोठेही देता येते आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. जानेवारी २०२० च्या गुरशिंदर सिंग निकालात चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचा प्रश्न होता. पोलिसांकडे तात्काळ फिर्याद दिलेली असेल, तर कंपनीला कळविण्यास झालेल्या विलंबाच्या एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल वाहनाच्या विम्याचा आहे, पण त्यातला आधार आपल्याला दाखविता येईल. विमा लोकपालाकडे जाण्यास वकील लागत नाही की शुल्क लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीलाही शुल्क नाही.

हे वाचून दाखविणारा माणूस चौकीत सोबत हवा. शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपल्या शाखांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका कार्यकर्त्याला या कामासाठी मोकळे ठेवावे. त्याने फिर्याद लिहून द्यावी, ‘गहाळ’ हा शब्द येऊ देऊ नये, प्रत हातात पडेपर्यंत हलू नये आणि त्याच प्रतीवर फोन बंद करण्याचा अर्ज संचार साथीवर भरून द्यावा. फेटाळलेल्या दाव्यांची पत्रेही गोळा करावीत. अशी पन्नास पत्रे एका कलमावर बोट ठेवून विमा नियामकाकडे आणि चारही सरकारी कंपन्यांकडे गेली, तर व्याख्या बदलण्याच्या मागणीला निदान कागदाचा आधार मिळेल. तोवर ज्याचा फोन गेला आहे त्याचे हप्ते चालूच आहेत. पुढचा पाच तारखेला आहे.