मुदत संपलेली फिल्म

विद्यार्थिमित्रहो, गतवर्षी लोह्याहून माळेगावच्या यात्रेस जाताना मी आपला जुना दोन भिंगांचा कॅमेरा सोबत नेला. आत दहा वर्षांपूर्वी मुदत संपलेली फिल्म होती. १९२९ साली जर्मनीत निघालेला रोलायफ्लेक्स याच जातीचा. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही तो वापरला. वरच्या भिंगातून पाहावयाचे, खालच्यातून चित्र उमटावयाचे. एका फिल्मवर चित्रे अवघी बारा! म्हणून घोड्यांच्या बाजारात दहादा पाहून एकदाच कळ दाबण्याचा संयम मी शिकलो.

परंतु त्याच रात्री घरी, उरलेल्या एका चित्रावर, फ्लॅश लावून मी वृद्ध मातोश्रींची छबी घेतली. उष्णतेने जुन्या फिल्मची प्रकाश टिपण्याची शक्ती क्षीण होते; तिला उजेड अधिक लागतो. फ्लॅशचा उजेड तर अंतर दुप्पट होताच चौथाई उरतो. मी दूर उभा राहिलो. मुखाच्या जागी केवळ धूसर छाया आली. दोन महिन्यांनी मातोश्री निवर्तल्या.

पालकहो, सरावास जुनी फिल्म खुशाल वापरावी. परंतु जे पुन्हा लाभणार नाही, त्यासाठी ताजीच घ्यावी. काटकसर हा सद्गुण खरा; पण तिलाही मर्यादा असते, हे मी उशिरा शिकलो.