लपंडाव खेळणारा दोष

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्याने विजेसाठी मोठी किंमत मोजली आहे. काळी नदीवर १९८७ साली पूर्ण झालेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयात सुपे गाव बुडाले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलवावे लागले. त्याच पाण्यावर सुपे व नागझरी येथील जनित्रे फिरतात. तरीही ऐन पावसाळ्यात या तालुक्याच्या रानवाड्यांत विजेचा लपंडाव चालावा, याला दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येणार नाही.

वाऱ्याने हललेली फांदी तारेला टेकते, प्रवाह तुटतो. क्षणात फांदी दूर होते. वायरमन पोहोचेतो दोषाचा मागमूसही उरत नाही. उघड्या तारांवरील बहुसंख्य दोष असेच क्षणजीवी असतात. यंत्रशास्त्राने त्यावर उपाय योजला आहे. स्वयंचलित स्विच दोष जाणवताच प्रवाह तोडतो आणि थोडे थांबून पुन्हा जोडतो. दोष सरला असेल, तर दिवे लागतात. ठरावीक प्रयत्नांनंतरही तो कायम असेल, तर स्विच उघडाच राहतो. ही मर्यादा आवश्यकच आहे. कारण तुटून जमिनीवर पडलेल्या तारेत पुनःपुन्हा प्रवाह सोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय.

काळीच्याच काठी कैगा येथील अणुभट्ट्यांत निराळी योजना आहे. तेथे सुरक्षेचे तीन स्वतंत्र मापनमार्ग असतात. त्यांतील दोहोंनी धोक्याचा इशारा दिला, तरच भट्टी आपोआप बंद होते. एखादे मापक मधूनच बिघडले, तर तेवढ्याने भट्टी बंद पडत नाही आणि सुरक्षाही ढळत नाही.

परंतु दोष सहन करणे वेगळे आणि विसरणे वेगळे. सैल जोड किंवा तडा गेलेला इन्सुलेटर आज क्षणभर चुकतो, उद्या कायमचा निकामी होतो. दिवे परत लागले म्हणून तक्रार निकालात काढणारा कारभार हीच पूर्वसूचना गमावतो. म्हणून कोणत्या टप्प्यावर प्रवाह किती वेळा तुटला, याची नोंद वीज कंपनीने ठेवावी आणि ती ग्रामपंचायतींसमोर मांडावी. त्या नोंदीनुसार, वनखात्याच्या संमतीने, पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटाव्यात. जेथे दोष वारंवार उद्भवतो, तेथे आच्छादित तार घालावी, असे आम्हांस वाटते. ज्या तालुक्याने गाव बुडवून इतरांना उजेड दिला, त्याच्या अंधाराची निदान मोजदाद तरी व्हावयास हवी.