आश्रमशाळांच्या पहिली-दुसरीत कोकणी व वारली भाषेतून शिकवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, आदिवासी विकास, नाशिक

महोदय,

सुरगाणा, पेठ आणि कळवण हे तालुके 1985 च्या आदेशानुसार पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. इथल्या अनेक पाड्यांवर घरात कोकणी किंवा वारली बोलतात. जिल्हा परिषद शाळेतले मूल संध्याकाळी घरी जाऊन आपल्या भाषेत बोलते. आश्रमशाळेतल्या मुलाचे घर आणि भाषा एकदमच सुटतात. वर्गात न चालणारी ही भाषा तिथे फार तर स्वयंपाकघरात, कामाठीशी बोलताना चालते. प्रश्नच न कळल्याने गप्प बसलेले मूल मग मठ्ठ ठरते आणि पाचवीत त्याला वाचता येत नाही म्हणून अहवाल मागवले जातात. आमच्या मते खोट मुलात नाही, माध्यमात आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा, असे घटनेचे कलम 350 अ सांगते. शिक्षण हक्क कायदा, 2009 आणि 2020 चे शैक्षणिक धोरणही तेच सांगते.

‘कोकणी ही मराठीचीच बोली, पोरे आपोआप सरावतात’ हा आक्षेप नेहमीचा. 2011 च्या जनगणनेत मात्र कोकणी (कोकणा) आणि वारली या दोन्ही भाषा मराठीखाली नव्हे, भिली गटात मोजल्या आहेत. हा वाद भाषातज्ज्ञांनी खुशाल घालावा. सहा वर्षांच्या मुलाची अडचण त्याने मिटत नाही. लिपी नाही, पुस्तके नाहीत, असेही म्हणतात. लिपीला देवनागरी आहे. राहिली सामग्री, तर थाळीच्या मधोमध मेणाने उभ्या केलेल्या काडीवरून बोटे ओढत, त्या सुरावर रात्रभर कथा सांगणारे कथेकरी या समाजात आहेत. ओडिशाने दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले, तेव्हा तिथेही आयती पुस्तके नव्हती. मात्र नुसत्या आदेशाने भागत नाही: पेरूने 1975 मध्ये केचुआला राजभाषेचा दर्जा दिला, तरी डोंगराळ भागातल्या शाळांत पुढेही बराच काळ स्पॅनिशच चालली. मराठी मागे पडेल ही पालकांची भीती रास्त आहे. म्हणूनच मराठी काढा असे आम्ही म्हणत नाही; ती पहिलीपासून बोलण्यातून यावी आणि तिसरीपासून माध्यम व्हावी.

तरी नाशिक व कळवण प्रकल्पांतील शासकीय आश्रमशाळांत पहिली-दुसरीसाठी स्थानिक भाषा जाणणारा साहाय्यक मानधनावर नेमावा, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून कथेकऱ्यांच्या मदतीने वाचनपुस्तिका करून घ्याव्यात आणि येत्या जूनपूर्वी निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
सुरगाणा-पेठ परिसरातील पालक व नागरिक