थांबलेल्या पावलांची वारी

२०२० सालच्या आषाढात महाराष्ट्राने जे पाहिले, त्याची कल्पना कोणा फडकऱ्याने वा चोपदाराने स्वप्नातही केली नसेल. देहू आणि आळंदी येथे प्रस्थानाचे विधी मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत पार पडले, पण पालख्या पुढे निघाल्याच नाहीत. पादुका तेथेच मुक्कामी राहिल्या आणि दशमीला, म्हणजे ३० जून रोजी, एस.टी.च्या बसमधून पंढरीला गेल्या. लाखो पावले जे अंतर अडीच-तीन आठवड्यांत कापतात, ते चाकांनी काही तासांत कापले. दिवेघाट मोकळा राहिला. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले नाही. पुढच्या वर्षीही, २०२१ मध्ये, पायी वारी नव्हतीच. पादुका पुन्हा बसनेच गेल्या.

वारकऱ्याच्या दृष्टीने ही एखाद्या यात्रेची गैरसोय नव्हती. गळ्यात तुळशीची माळ घालताना तो जे व्रत स्वीकारतो, त्याचा प्राणच चालण्यात आहे. ज्या घरांत आजोबा-पणजोबांपासून वारी चुकली नव्हती, तेथे ती चुकली. ‘घरीच राहून वारी करा’ असे सांगणे सोपे होते. पेरणी उरकून निघण्याची सवय असलेल्या पायांना ते पटवणे अवघड होते.

परंतु या संप्रदायाच्या स्मृतीत न पोहोचलेल्यांना फार मोठे स्थान आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडलेला असतो. अरणचे सावता माळी हे ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. पंढरी हाकेच्या अंतरावर असूनही ते आपला मळा सोडून गेले नाहीत, असे परंपरा सांगते. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला. म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात, तर पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांच्या भेटीला अरणला येते. त्याच माढा तालुक्यात लऊळ हे गाव आहे. हातपाय नसलेले कूर्मदास सरपटत पंढरीस निघाले, लऊळला शक्ती संपली, आणि देव तेथे त्यांच्यापाशी आला, अशी कथा आहे. सावतोबांचे न जाणे स्वेच्छेचे होते. कूर्मदासांचे थांबणे नाइलाजाचे. परंपरेने दोघांनाही कमी लेखले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. संकटाच्या काळात ‘जे होते ते भल्यासाठीच’ असे सांगणारे उपदेशक उदंड होतात. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्या घरातील कर्ता माणूस प्राणवायूअभावी गेला, त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून हे वाक्य उच्चारून पाहावे. ती श्रद्धा नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. श्रद्धेवर दुःखाचे समर्थन करण्याची जबाबदारी आपण उगाच लादतो.

लोकमान्यांचे उदाहरण या दृष्टीने पुनःपुन्हा आठवावेसे वाटते. जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. वय बावन्न, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली. हा काळ त्यांनी योजलेला नव्हता. राजकारणाच्या ऐन भरात सारे हातातून सुटले होते. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. अंत्यदर्शनही घडले नाही. १९१४ मध्ये सुटका झाली आणि पुढच्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथामुळे ती शिक्षा न्याय्य ठरत नाही, की पत्नीवियोगाची भरपाई होत नाही. अन्याय अन्यायच राहिला. फरक एवढाच की, सुटकेनंतर खरे जगणे सुरू होईल, अशा हिशेबाने टिळकांनी ती सहा वर्षे काढली नाहीत.

आपण सामान्य माणसे नेमके तेच करतो. मुलांची शिक्षणे आटोपली की, कर्ज फिटले की, निवृत्त झालो की, असे म्हणत वर्तमानाला आपण प्रतीक्षालय करून टाकतो. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करणारी सून, कारखाना बंद पडल्याने पन्नाशीत घरी बसलेला कामगार, दुबार पेरणी करणारा शेतकरी, यांना तर ‘हे दिवस सरतील’ एवढाच धीर दिला जातो. दिवस सरतीलही. पण ते सरेपर्यंत त्या सुनेच्या हातून जे घडते, ते जगण्यात धरायचे की नाही? पुंडलिकाने आईवडिलांची सेवा सोडली नाही, आणि दारी आलेल्या देवालाच विटेवर थांबावे लागले. ज्या दैवताची कथाच अशी आहे, त्याच्या भक्तांना हा प्रश्न परका वाटू नये.

त्या दोन वर्षांत कित्येक घरांनी हे उत्तर न बोलता दिले. पहाटेचा काकडा ओसरीवर झाला, संध्याकाळचा हरिपाठ शेजघरात झाला, वारीसाठी बाजूला काढलेला शिधा गावातल्या गरजूकडे गेला. हे वारीच्या तोडीचे होते, असे त्यांतील कोणी म्हटले नसते. चालण्याची ओढ तशीच होती. २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा ती वाटेवर दिसली. ज्या दिंड्यांनी आपला वीणेकरी गमावला होता, तेथे वीणा दुसऱ्याच्या गळ्यात आली, आणि दिंडी सासवडच्या रस्त्याला लागली.