'ज्या' ते 'साइन' : मधले दुवे दाखवा!

साइन ३० अंशाची किंमत तुम्ही चटकन सांगाल. पण या गुणोत्तराला 'साइन' का म्हणतात?

इंग्रजीने हा शब्द लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये 'सायनस' म्हणजे वाकण, वस्त्राची घडी, खोलगट जागा. सर्दीत चोंदणारे नाकाजवळचे सायनस ते हेच. मग काटकोन त्रिकोणाचा घडीशी संबंध काय? काहीच नाही! उत्तरासाठी आणखी मागे जायला हवे.

वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य मानले, तर त्याची टोके जोडणारी रेषा ही दोरी होय. संस्कृतात तिला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीची कोष्टके पूर्ण जीवांची होती. भारतीयांनी अर्धी जीवा घेतली, कारण काटकोन त्रिकोणाची बाजू तीच होते. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त अशा २४ अर्धज्यांचे गणित आहे. पुढे 'अर्ध' गळून नुसते 'ज्या', 'जीवा' उरले.

अरब गणितींनी 'जीवा'चे 'जिबा' केले. या शब्दाला अरबीत दुसरा अर्थ नव्हता. अरबी लिखाणात बहुतेक स्वर गाळतात. त्यामुळे तीच अक्षरे 'जैब' अशीही वाचता येतात. 'जैब' म्हणजे अंगरख्याची छातीजवळची घडी. हिंदीतला 'जेब' त्यातूनच आला. बाराव्या शतकात भाषांतरकारांनी 'जैब'साठी 'सायनस' हा लॅटिन शब्द योजला आणि त्याचा इंग्रजीत 'साइन' झाला. म्हणजे भूमितीतली 'जीवा' आणि त्रिकोणमितीतला 'साइन' एकाच घरचे!

माझ्या मते शिक्षकांनी साइन शिकवताना ही हकीकत दोन मिनिटे तरी सांगावी. घोकलेले सूत्र विसरते. धनुष्याची दोरी विसरत नाही.

पण एक सावधगिरी हवी. उच्चार जुळले की 'हा शब्द आमचाच' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'ज्या' आणि 'साइन' यांचे उच्चार मुळीच जुळत नाहीत, तरीही नाते खरे आहे. कारण मधला प्रत्येक दुवा ग्रंथांतून दाखवता येतो. प्रयोगात आपण पुरावा मागतो, तसाच तो शब्दांच्या बाबतीतही मागावा. आणि अभिमान बाळगायचा तर टॉलेमीचे व अरबांचे ऋण मान्य करूनच बाळगावा. एकट्याच्या मालकीचे विज्ञान कुठेच नसते.

'शून्य' अरबांमार्फत युरोपात जाऊन 'झीरो' कसे झाले, ते आता तुम्ही शोधा. मात्र मधले दुवे लिहून दाखवा!