मुतखड्याबाबत पेठ वडगाव व परिसरातील नागरिकांना जाहीर आवाहन

दर दहा मुतखड्यांपैकी सात-आठ खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. रक्त गाळून मूत्रपिंडात जी लघवी तयार होते, तिच्यात कॅल्शियम आणि ऑक्झलेट हे दोन्ही घटक रोजच उतरतात. पाणी पुरेसे असेल तोवर ते विरघळलेले राहतात. लघवी दाट झाली की त्यांचे स्फटिक जमतात, मूत्रपिंडाच्या आतल्या अस्तराला धरून बसतात आणि थरावर थर चढत खडा वाढतो. सायट्रेट नावाचा घटक या स्फटिकांना अटकाव करतो. तो कमी पडला तर खड्याला मोकळे रान मिळते.

वडगाव-वाठार पट्ट्यात लघवी दाट होण्याची कारणे उघड आहेत. ऊसतोड, गुऱ्हाळ, वीटभट्टी, उन्हातली भांगलण या कामांत घाम धो-धो जातो आणि पाणी पिणे मात्र जेवणापुरते राहते. बाजारात दिवसभर बसणाऱ्या स्त्रिया लघवीला जायची सोय नसली की मुद्दाम पाणी कमी पितात, आणि यात त्यांचा दोष काही नाही. ज्यांच्या ताब्यात जागा, दुकान, गुऱ्हाळ किंवा शाळा आहे त्यांनी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या दोन्ही सोयी कराव्यात. पाणी ठेवून स्वच्छतागृह टाळले तर पाण्याचा माठ भरलेलाच राहतो.

बोअरच्या जड पाण्याला गावोगाव दोष दिला जातो. पाण्याचा जडपणा आणि मुतखडा यांचा संबंध संशोधनात ठामपणे दिसलेला नाही. पाणी किती प्यायले जाते, याचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा आहे. जास्त मीठ, जास्त मांसाहार, लठ्ठपणा, घराण्यातला इतिहास, जुनाट जुलाब, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार आणि सल्ल्याविना दीर्घकाळ घेतलेल्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या जादा मात्रेच्या गोळ्या, हीही कारणे आहेत.

खडा मूत्रपिंडात असेपर्यंत अनेकदा काहीच जाणवत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कुशीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ येते, उलट्या होतात, लघवी लालसर होते. लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी इथून निदानाला सुरुवात होते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत निसटू शकतो. तेव्हा साधा सीटी स्कॅन निर्णायक ठरतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘३ मि.मी.चे कॉन्क्रीशन’ (म्हणजे बारीक खडा) लिहून आले म्हणून घाबरून शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा धोका कळ थांबल्यानंतरचा आहे. मूत्रवाहिनी तुंबलेली राहिली तर त्या बाजूचे मूत्रपिंड हळूहळू काम कमी करते, आतला दाब उतरतो आणि दुखणेही निवते. घरात ‘पडला वाटतं खडा’ म्हणून समाधान मानले जाते आणि काही आठवड्यांत त्या मूत्रपिंडाचे कायमचे नुकसान होते. म्हणून कळेच्या काळात लघवी फडक्यातून किंवा वेगळ्या ठेवलेल्या गाळणीतून गाळावी. खडा सापडला तर डबीत घालून प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तो कोणत्या जातीचा आहे यावर पुढचे पथ्य ठरते. सापडला नाही तर डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत पुन्हा सोनोग्राफी करावीच. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर रात्र काढू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

५ मि.मी.पर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. ५ ते १० मि.मी.चे साधारण निम्मे पडतात, त्यांना औषधाची मदत होऊ शकते. त्याहून मोठ्यांसाठी बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडणे, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेसरने फोडणे, आणि २ सें.मी.हून मोठ्या मूत्रपिंडातील खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडून काढणे, असे उपाय आहेत. दुर्बिणीनंतर आत ठेवलेला डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीतली बारीक नळी) ठरलेल्या तारखेला काढून घेणे विसरू नये. विसरलेल्या स्टेंटवरही खडे चढतात.

कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार झालेला खडा विरघळवणारे औषध आजवर सिद्ध झालेले नाही. पानफुटीची पाने, हुलग्याचा काढा, बाजारात मिळणाऱ्या पुड्या यांच्याविषयीही तसा पुरावा नाही. हुलग्याचे माडगे जेवणात जरूर असावे, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नये. बिअरने खडा पडतो, हा समज तर सोडूनच द्यावा.

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो. त्यामुळे खडा निघाल्यानंतरचे पथ्य महत्त्वाचे. दिवसाला किमान २ ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. शेतात किंवा भट्टीवर काम असेल तर पिणे त्या मानाने वाढवावे. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पाणी पुरेसे. झोपण्यापूर्वीही पाणी प्यावे, कारण रात्री लघवी जास्त दाट होते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही बंद करणे, ही दुधाच्या या जिल्ह्यातली सर्वांत रूढ चूक आहे. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षे चाललेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या गटात सुमारे ३८ टक्के जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या गटात २० टक्के जणांना. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते आणि ते शौचावाटे निघून जाते. म्हणून ताक-दही जेवणासोबतच घ्यावे.

पालक, अळू, राजगिरा, चुका, बीट, बदाम, काजू यांत ऑक्झलेट बरेच असते. अळवाने घशाला सुटणारी खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या अणकुचीदार स्फटिकांचीच असते. चिंच घातल्याने खाज कमी होते, ऑक्झलेट जात नाही. पालक उकळून पाणी टाकून द्यावे. टोमॅटोच्या बियांची भीती मात्र निराधार आहे. लोणचे, पापड, फरसाण, भडंग यांवर हात आखडता घ्यावा आणि तांबडा-पांढऱ्याचा बेत रोजचा करू नये. मीठ-साखर बेताची घातलेले लिंबूपाणी सायट्रेट वाढवते.

मुतखड्याच्या काही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी, मगच खर्चाची जुळवाजुळव करावी.